निदानाला लागणारे एक मिनिट

१९२९ सालची गोष्ट आहे. काठेवाडातल्या एका खेड्यात अस्पृश्य समाजातले एक शिक्षक राहत होते. त्यांची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. छाती भरून आली, श्वास घेणे जड झाले, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. शिक्षक डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांनी सांगितले, अस्पृश्यांच्या वस्तीत मी पाऊल ठेवणार नाही. गावातले बडे लोक मध्ये पडले, दोन रुपये फीची हमी दिली गेली, तेव्हा कुठे डॉक्टर यायला तयार झाले; तेही वस्तीच्या बाहेर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या बाळासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरांनी थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने ते शिक्षकाला दिले, शिक्षकाने पत्नीला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. रात्री आठच्या सुमारास दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरांनी निदान केले: न्यूमोनिया. औषध पाठवले, पण रोग्याला पुन्हा पाहायला ते आले नाहीत. ती माउली गेली.

त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाबासाहेबांनी ते आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात जपून ठेवले म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. आपण ही हकिकत अस्पृश्यतेच्या क्रौर्याची म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती आणखी एका अंगाने वाचली पाहिजे. ही एका निदानाची हकिकत आहे. थर्मामीटरमधला पारा ताप सांगतो, न्यूमोनिया सांगत नाही. न्यूमोनिया कळायला रोग्याच्या जवळ बसावे लागते, अंगावरचा कपडा बाजूला करावा लागतो, छाती पाहावी लागते. त्या डॉक्टरांचे शास्त्र कितीही पक्के असले तरी त्यांची जात त्यांना रोग्याच्या छातीपर्यंत जाऊ देत नव्हती.

आज या घटनेची आठवण करण्याचे कारण लहान मुले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने दगावली. या वयात होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी हे १४ टक्के. मोठ्या संख्येने मुले ज्या देशांत मरतात त्यांत भारत आहे. आणि भारतात कोणाची मुले अधिक मरतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरीही आकडा पाहू. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) जन्मलेल्या दर हजार मुलांमागे पाच वर्षांच्या आत मरणारी मुले अनुसूचित जातींत सुमारे ५६ होती, अनुसूचित जमातींत ५७, इतर मागासवर्गीयांत ५१ आणि या तिन्ही वर्गांत न मोडणाऱ्यांत ३९. हा फरक जंतूंनी पाडलेला नाही. जंतूला जातीचा दाखला वाचता येत नाही.

मग न्यूमोनियाचे कारण काय? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. शास्त्रज्ञांनीही त्यावर अनेक दशके डोके फोडले आहे.

आपली फुप्फुसे म्हणजे हवेच्या असंख्य बारीक पिशव्यांचा गुच्छ. जंतुसंसर्गाने या पिशव्यांत पू आणि पाणी साचते, प्राणवायू रक्तात उतरत नाही, मूल धापा टाकू लागते. हा न्यूमोनिया. हे करणारे जंतू एक नाहीत. न्यूमोकॉकस आणि हिब हे जिवाणू त्यात आहेत, आरएसव्ही, फ्लू, गोवर यांसारखे विषाणू आहेत, क्षयाचे जंतूही आहेत. प्रत्येकाचा इलाज वेगळा. जिवाणूला प्रतिजैविक लागू पडते, विषाणूला पडत नाही, क्षयाला सहा-सहा महिन्यांची औषधे लागतात. म्हणून नेमका जंतू कळणे महत्त्वाचे आहे.

पण तो कळायचा कसा? मोठ्या माणसाला खाकरून बेडका काढायला सांगता येते. लहान मूल बेडका गिळून टाकते. रक्त तपासावे तर जंतू फुप्फुसात असतो, रक्तात बहुतेक वेळा सापडत नाही. छातीचा एक्स-रे काढला तर पांढरा डाग दिसतो, पण त्या डागावर जंतूचे नाव लिहिलेले नसते. नाकात काडी फिरवून नमुना घेतला तर त्यात चार-चार जंतू निघतात, आणि तेच जंतू शेजारच्या धडधाकट मुलाच्या नाकातही निघतात. खात्रीचा मार्ग म्हणजे सुई थेट फुप्फुसात घालून नमुना काढणे. तो सरसकट कोणाच्या मुलावर करता येत नाही.

हे कोडे सोडवण्यासाठी २०११ ते २०१४ या काळात 'पर्च' नावाचा मोठा अभ्यास झाला. बांगलादेश, थायलंड, केनिया, झांबिया, माली, गांबिया आणि दक्षिण आफ्रिका अशा सात देशांतली चार हजारांहून अधिक आजारी मुले आणि पाच हजारांहून अधिक निरोगी मुले त्यात तपासली गेली. निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. एचआयव्हीची लागण नसलेल्या आणि एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसणाऱ्या गंभीर आजारी मुलांत सुमारे ६१ टक्के वाटा विषाणूंचा, २७ टक्के जिवाणूंचा आणि ६ टक्के क्षयाचा निघाला. एकट्या आरएसव्ही विषाणूचा वाटा ३१ टक्के. एवढी यंत्रणा, एवढा पैसा, एवढे तज्ज्ञ लावून मिळालेले हे उत्तर हजारो मुलांच्या समूहाबद्दलचे आहे. समोर झोपवलेल्या एका विशिष्ट मुलाच्या छातीत कोणता जंतू आहे, याचे खात्रीचे उत्तर अजूनही पुष्कळदा मिळत नाही.

पण जंतूचे नाव कळेपर्यंत मूल थांबत नाही. ते दोन-तीन दिवसांत, तान्हे असेल तर काही तासांतही जाते. म्हणून दुसरा मार्ग शोधावा लागला, आणि तो मोठ्या शहरांतल्या बड्या रुग्णालयांत सापडला नाही. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या फ्रँक शान या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मोजला आणि त्याची छाती आत ओढली जाते का हे पाहिले, तर कोणाला औषध हवे आणि कोणाला रुग्णालय हवे हे ठरवता येते. त्यासाठी एक्स-रे नको, प्रयोगशाळा नको. डोळे हवेत, घड्याळ हवे, आणि पूर्ण एक मिनिट हवे.

याची मोठी कसोटी आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ५८ गावांत न्यूमोनिया ओळखण्याचे आणि गावातच औषध देण्याचे काम सुरू केले आणि ४४ गावांशी त्याची तुलना केली. गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते आणि सुइणी हे काम करत होते. ज्यांना अंक मोजता येत नाहीत अशा बायकांसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे साधन तयार केले गेले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेले निकाल असे होते: ज्या गावांत हे काम झाले तिथे दर हजार बालकांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१, तर इतर गावांत १७.५. उपचार मिळालेल्या मुलांपैकी शंभरात एकही पुरे मूल दगावले नाही, प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते.

वाचकहो, या आकड्यांपाशी थोडे थांबा. ज्या ज्ञानावर पदवीधरांची मक्तेदारी समजली जात होती, ते निरक्षर सुईण वापरू शकली आणि मुले वाचली. आपल्या कितीतरी गावांत सुईणपणाचे काम महार-मातंग समाजाच्या बायकांकडेच असे. बाळ जन्मताना त्यांचा हात चालत असे, नाळ कापायला चालत असे, आणि सुतक फिटले की त्याच हाताचा विटाळ होत असे. तोच हात निदानही करू शकतो, हे गडचिरोलीच्या सुइणींनी सिद्ध केले. ज्ञान कोणाच्या जन्मजात मालकीचे नसते, हे जोतिबांपासून आपण सांगत आलो. त्याचा याहून ठोस पुरावा कोणता हवा?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या पद्धतीला लागणारी एकमेव महागडी वस्तू म्हणजे ते एक मिनिट. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर असताना, त्याचे झबले वर करून, कोणीतरी हातभर अंतरावर बसून साठ सेकंद त्याच्या छातीकडे पाहायचे आहे. हे मिनिट आपल्या मुलाला मिळते का?

घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात आदींच्या 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी आहे. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाय ठेवत नव्हते. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांशी बोलून केलेला अभ्यास २०१० साली आला. औषध देताना, अंगाला हात लावताना होणारा भेदभाव त्या मुलांनी सांगितला. अंगाला हात न लावता गोळी देता येते, ती वरून हातात टाकता येते. पण अंगाजवळ न जाता न्यूमोनिया ओळखता येत नाही. १९२९ चा डॉक्टर आज वेगळ्या रूपात भेटतो. तो वस्तीबाहेर बोलावत नाही, टेबलापलीकडूनच "काय होतंय?" विचारतो, उत्तर संपायच्या आत खोकल्याची बाटली लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो. हा सगळा दोष त्या एका माणसाच्या मनाचा आहे असेही नाही. बाहेर दोनशे रोगी आणि आत एक डॉक्टर अशी व्यवस्था उभी केली की जातीचे काम गर्दीच करून टाकते. कारण त्या रांगेत कोण उभे असते आणि खासगी बालरोगतज्ज्ञाकडे कोण जाते, हे आधीच ठरलेले असते.

इथे आपल्यातल्या एका सवयीबद्दलही बोलले पाहिजे. मेळघाटात आजारी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके दिल्याच्या बातम्या येतात. आपण त्या वाचून अंधश्रद्धेला शिव्या देतो. ती प्रथा अघोरी आहे आणि ती बंद झालीच पाहिजे, यात दुमत नाही. पण आई भूमकाकडे का जाते, हा प्रश्नही विचारला पाहिजे. भूमका तिच्या भाषेत बोलतो, तिच्या दारात येतो, बाळाला हात लावतो, रात्रभर जवळ बसतो. त्याचे ज्ञान खोटे आहे, पण त्याची जवळीक खरी आहे. ज्या दिवशी खरे ज्ञान तितक्याच जवळ जाऊन बसेल, त्या दिवशी विळा तापणार नाही.

आता कारणाच्या दुसऱ्या थराकडे वळू. जंतू जवळपास प्रत्येक मुलाच्या नाकातोंडात येऊन जातो. मग शेजारच्या बंगल्यातले मूल खोकून बरे होते आणि आपले मूल का जाते? वजन कमी घेऊन जन्मलेले, अंगावरचे दूध पुरेसे न मिळालेले, कुपोषित, गोवराची लस न मिळालेले, चुलीच्या धुरात आणि एका खोलीत सात-आठ माणसांत वाढलेले मूल न्यूमोनियाला बळी पडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. यातले प्रत्येक कारण तुमच्या-माझ्या वस्तीचे वर्णन आहे. गावकुसाबाहेरची जागा, तिथले घर, तिथले पाणी, गरोदरपणातही रोजंदारीवर राबणारी आई, हे सगळे मुलाच्या छातीत उतरते.

यातले एकच कारण उचलून भागत नाही, हेही शास्त्राने दाखवले आहे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर मोफत दिले गेले. निकाल २०२४ साली आला. पहिल्या वर्षात बाळांना होणारा गंभीर न्यूमोनिया त्याने लक्षणीय कमी झाला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नाही. आईच्या डोळ्यांसाठी आणि छातीसाठी गॅस हवाच. अर्थ इतकाच की घरात सिलिंडर पोहोचवून त्याच्या जाहिराती लावल्या म्हणजे वस्तीचे आरोग्य सुधारले, असे होत नाही. घर, अन्न, पाणी, लस, दवाखाना हे सगळे एकत्र नाकारले गेले आहे. ते एकत्रच मिळवावे लागेल.

लसीचा इतिहास तर डोळे उघडणारा आहे. प्रयोगशाळेला जंतू पकडता येत नव्हता तेव्हा लसीनेच निदान केले. गांबिया या आफ्रिकेतल्या गरीब देशात हिबची लस देऊन पाहिली, तेव्हा एक्स-रेमध्ये दिसणारा न्यूमोनिया सुमारे २१ टक्क्यांनी घटला. हा निकाल १९९७ चा. म्हणजे तेवढ्या न्यूमोनियामागे हिब होता. २००५ साली त्याच देशात न्यूमोकॉकसच्या लसीचा निकाल आला: असा न्यूमोनिया ३७ टक्क्यांनी कमी आणि एकूण बालमृत्यू १६ टक्क्यांनी कमी. आफ्रिकेतल्या मुलांच्या अंगावर हे ज्ञान सिद्ध झाले. आपल्याकडे काय झाले? न्यूमोकॉकसच्या लसीला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. भारताच्या सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून मोजक्या भागांत टप्प्याटप्प्याने आली आणि देशभर पोहोचली २०२१ साली. मधल्या काळात ती खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजणाऱ्याच्या मुलाला मिळत होती. तीच लस, तोच जंतू, तेच शहर. एका मुलाला संरक्षण आणि दुसऱ्याला नाही. या वर्षांत गेलेल्या मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'न्यूमोनिया' एवढेच लिहिले गेले. 'लस परवडली नाही' हा रकाना त्या दाखल्यावर नसतो.

चळवळीने यातून काय घ्यायचे? आपल्यात दोन प्रकारचे बोलणारे आहेत. एक शिकलेला वर्ग म्हणतो, रोग जंतूमुळे होतो, त्यात जात कुठे आणता? दुसरा म्हणतो, व्यवस्था बदलल्याशिवाय काही होणार नाही, गोळ्या-इंजेक्शनने काय होते? दोघांचेही निदान अर्धे आहे. पहिल्याला मुलाची वस्ती दिसत नाही, दुसऱ्याला आज रात्री धापा टाकणारे मूल दिसत नाही. व्यवस्था बदलायला काळ लागेल, मुलाला तितका वेळ नाही. बाबासाहेबांनी महाडचे तळे आणि राज्यघटनेचे कलम या दोन्हींसाठी लढा दिला. तातडीचे आणि टिकाऊ असे दोन्ही लढे एकाच वेळी चालवावे लागतात.

म्हणून प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात हे आकडे भिंतीवर लिहिले जावेत. खोकला असलेल्या मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. वय दोन महिन्यांच्या आत असेल तर ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाजले तरी पीत नसेल, सगळे ओकत असेल, झटके येत असतील, सुस्त पडले असेल, ओठ निळे पडले असतील, तर एक तासही वाया घालवायचा नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास वाढला तर ते थेट रुग्णालयाचेच काम आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आणि घरात कोणाला क्षय असेल, तर मुलाची क्षयाची तपासणी मागायची. या पद्धतीत काही मुलांना गरज नसताना औषध मिळते, कारण विषाणू आणि जिवाणू श्वासावरून वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणूनच औषध मनाने आणायचे नाही आणि डॉक्टरांनी दिले तर अर्धवट सोडायचे नाही.

दुसरे काम लसीच्या कार्डाचे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, त्यात हिब येते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना न्यूमोकॉकसची पीसीव्ही. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला. हे सगळे सरकारी केंद्रात मोफत आहे. वस्तीतल्या प्रत्येक कार्डावर या नोंदी आहेत का, हे पाहायला फार मोठ्या संघटनेची गरज नाही. दोन शिकलेल्या मुली आणि एक रविवार पुरतो.

तिसरे काम जाब विचारण्याचे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सांस' नावाची मोहीम जाहीर केली. आशा कार्यकर्तीने अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवावे, आरोग्य केंद्रात बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र असावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या गावच्या आशाताईंच्या पिशवीत ते औषध आहे का? उपकेंद्रात लहान मुलाच्या बोटाला बसेल असे यंत्र आहे का? प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजन आहे का, आणि रात्री तो सुरू करणारे माणूस आहे का? हे प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारायचे, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचे.

बाबासाहेब आणि माता रमाईंनी आपली चार लेकरे गमावली. राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा बाबासाहेब परदेशातल्या मोठ्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते. त्या घराला दुःख कळले होते, म्हणून ते काठेवाडच्या शिक्षकाचे दुःख विसरले नसावेत. त्या शिक्षकाच्या पत्नीला डॉक्टरांचे थर्मामीटर मिळाले, डॉक्टर मिळाले नाहीत. पुढच्या वेळी तुमच्या मांडीवरचे मूल धापा टाकत असेल आणि टेबलापलीकडून खोकल्याची बाटली पुढे सरकवली जाईल, तेव्हा उठू नका. मुलाचे झबले वर करा आणि शांतपणे सांगा: डॉक्टर, आधी श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. ही भीक नाही. आपल्या मुलाचा तो हक्क आहे.